डिस्क इंदूरला, चावी पुण्याला

बॅकअपचा विषय निघाला की लोक थेट हार्ड डिस्कच्या कंपनीवर येतात. ही घेऊ की ती, १ टीबी पुरेल की २, ऑनलाइन स्वस्त पडेल की इथे बडोद्यात, रावपुऱ्याच्या बाजारात. मला ही घाई वाटते. आधी हे ठरायला हवं की आपल्याला नेमकी भीती कशाची आहे. पाण्याची, चोराची, व्हायरसची, आपल्याच बोटांची, की उद्या आपण नसताना घरच्यांना काहीच उघडता येणार नाही याची? प्रत्येकावरचा उपाय निराळा आहे, आणि पंचाईत अशी की एकावरचा उपाय दुसऱ्याला बाधतो. डिस्कला कडक पासवर्ड घातला की चोराला काही मिळत नाही. पण तो पासवर्ड डोक्यात घेऊन मी गेले तर माझ्या मुलीलाही काही मिळणार नाही.

बडोद्यात राहणाऱ्याला पहिली भीती शोधावी लागत नाही. ३१ जुलै २०१९ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला होता. मग २०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची खूण ओलांडून पार ३५ फुटांच्या वर गेली. समा, कारेलीबाग, फतेगंज, अकोटा, कुठे कंबरभर तर कुठे त्याहून जास्त पाणी. रस्त्यावर आलेल्या मगरींचे व्हिडिओ देशभर फिरले. तळमजल्यावरच्या कपाटांच्या खालच्या खणांत काय झालं, त्याचे व्हिडिओ अर्थातच कोणी काढले नाहीत.

पाणी ओसरल्यावर मी प्रिंटर घेऊन आमच्या नेहमीच्या रिपेअरवाल्याकडे गेले होते. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. काउंटरवर, जमिनीवर, जिन्याच्या पायऱ्यांवर लॅपटॉप पालथे घातलेले, प्रत्येकावर मार्करने नाव आणि मोबाइल नंबर लिहिलेली पट्टी. माझ्या पुढे एक काकू होत्या. त्यांनी दुधाच्या पिशवीतून एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क काढली. तिच्या यूएसबीच्या खाचेत गाळ बसून वाळला होता. रिपेअरवाल्याने टूथपिकने तो अलगद उकरला आणि दिव्याखाली धरून पाहिला.

"काकू, हेअर ड्रायर मारला का?"

"मारला ना. मग दोन दिवस तांदळात ठेवली."

"आणि लावून बघितली?"

"बघितली. टकटक आवाज यायला लागला, म्हणून काढली. अहो भाऊ, बॅकअप होता हा. मुलानं सांगितल्याप्रमाणे दर महिन्याला घेत होते मी."

"लॅपटॉप कुठे होता?"

"त्याच टेबलावर."

काकूंनी सगळं वेळच्या वेळी केलं होतं. फक्त दोन्ही प्रती एका टेबलाच्या वरखाली होत्या.

तांदळाबद्दल जाता जाता सांगते, कारण ते खूळ मोबाइलवरून हार्ड डिस्कवरही पसरलंय. साध्या हार्ड डिस्कला हवेचा दाब सारखा राहावा म्हणून एक बारीक छिद्र असतं, त्याच्यामागे फिल्टर असतो. धुळीला तो अडवतो, पुराच्या पाण्याला नाही. आतल्या तबकड्यांवर गाळ वाळून घट्ट बसला की त्यांच्यावरून केसाएवढंही अंतर न ठेवता फिरणारं, डेटा वाचणारं हेड त्यावर आपटतं. टकटक येते ती तिथून. म्हणून डेटा परत काढून देणारे लोक सांगतात की भिजलेली डिस्क वाळवू नका, लावून बघू नका, आहे तशी ओलसर पिशवीत बंद करून आमच्याकडे आणा. त्यांचं बिल किती होतं, ते विचारून मग पुढच्या डिस्कच्या किमतीवर घासाघीस करावी.

बॅकअपचा ३-२-१ नावाचा एक नियम सगळे सांगतात: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने तो रूढ केला. पहिल्या दोन आकड्यांसाठी पैसे लागतात, शेवटच्या एकासाठी माणूस लागतो, आणि नेमका तोच आकडा गाळला जातो. मोठमोठ्यांकडूनही. सप्टेंबर २०२५मध्ये दक्षिण कोरियात डेजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी नोकरांनी कामाच्या फायली ठेवायची जी-ड्राइव्ह नावाची व्यवस्था तिथे होती, ८५८ टेराबाइटची, आणि तिची बाहेर कुठेही प्रत नव्हती. आकार फार मोठा म्हणून घेतली नव्हती, असं नंतर सांगण्यात आलं. एवढ्या प्रगत देशाचं हे, तर कारेलीबागेतल्या काकूंना कोण बोल लावणार?

या बाबतीत आपण बडोद्याचे मराठी लोक नशीबवान आहोत. पुण्या-मुंबईच्या माणसाचं सगळं गोत एकाच शहरात, फार तर एकाच लोकल लाइनवर. आपलं तसं नाही. संस्थानांच्या काळापासून आपली माणसं विखुरलेली: मावशी इंदूरला, आत्या ग्वाल्हेरला, नणंद पुण्याला. इंदूर इथून रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आणि माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच. बडोदं चाळिशीही गाठत नाही. विश्वामित्रीला कितीही पूर आला तरी इंदूरच्या राजवाड्याजवळच्या माझ्या बहिणीच्या दुसऱ्या मजल्यावर तो जाणार नाही. म्हणून माझी एक डिस्क तिथे भाच्याकडे असते. लग्नकार्याला, दिवाळीला, कोणी ना कोणी जात-येत असतं. त्यांच्या हाती ताजी डिस्क जाते आणि जुनी परत येते. कुरिअरपेक्षा हे बरं, कारण कुरिअरवाला डब्यावर ‘नाजूक’ वाचून ती जास्तच जोरात टाकतो असा माझा संशय आहे.

डिस्क बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी, असंही एक मत आहे. वाईट नाही, पण रिझर्व्ह बँकेचे २०२२पासून लागू झालेले नियम वाचून घ्यावेत. आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची लबाडी असेल तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत. पूर किंवा भूकंपासारख्या नैसर्गिक आपत्तीत बँकेवर जबाबदारी नाही. शिवाय लॉकर उघडायला आपण वर्षातून कितीदा जातो? लग्नाच्या आधी आणि लग्नाच्या नंतर. तेवढ्या जुन्या बॅकअपवर माझं काम भागत नाही.

मग क्लाउड आहेच की, असं कोणीही म्हणेल. आहे, आणि मी वापरतेही. पण तिथे दोन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या जातात. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचं फोल्डर लॅपटॉपवर असतं तेव्हा तो बॅकअप नसून सिंक असतो. आरशासमोर उभं राहून टिकली पुसली की आरशातलीही पुसली जाते, तसं ते. इथे फाइल डिलीट केली की तिथलीही जाते, इथे बिघडली की तिथेही बिघडते. कचऱ्याच्या डब्यात ती साधारण ३० दिवस सापडते. पण बिघडलेली हिशोबाची फाइल आपण उघडतो केव्हा? सीएचा फोन आल्यावर, म्हणजे जुलैत. (जागतिक बॅकअप दिन ३१ मार्चला असतो. तो ठरवणाऱ्यांना पहिली एप्रिल हुकवायची होती म्हणे. आपल्याकडे त्या दिवशी लक्षात ठेवायला दुसरं पुष्कळ असतं.)

नकलेबरोबर चूकही उतरते, हे बडोद्याला नव्याने सांगायला नको. इथल्या प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत छापली गेली. देशाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून, वेगवेगळ्या लिप्यांतल्या पोथ्या जमवून श्लोकामागून श्लोक ताडून पाहिले. एका लेखनिकाची डुलकी त्याच्या पोथीवरून केलेल्या सगळ्या नकलांत उतरते. ती पकडता येते ती दुसऱ्या घराण्याची, वेगळ्या वाटेने आलेली पोथी हाताशी असली तरच. उत्तरेची परंपरा आणि दक्षिणेची परंपरा अशी समोरासमोर ठेवून ही माणसं वर्षानुवर्षं बसली. एकाच पोथीच्या शंभर नकला असत्या तर त्यांना करण्यासारखं काही उरलंच नसतं.

लॅपटॉपच्या भाषेत याला व्हर्जन म्हणतात. चांगला बॅकअप आजची फाइल ठेवतोच, पण कालची आणि गेल्या महिन्यातलीही ठेवतो. मॅकवर २००७पासून टाइम मशीन नावाची सोय हे काम करते. विंडोजमध्ये फाइल हिस्टरी आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये कोपऱ्यात दडवून ठेवलीय, पण आहे. डिस्क जोडलेली असेल तर ती मुळात तासातासाला बदललेल्या फायलींची प्रत घेते. लिनक्सवाल्यांना आणि ज्यांना काळ्या खिडकीत टाइप करायची भीती वाटत नाही त्यांना रेस्टिक किंवा बोर्ग ही सॉफ्टवेअर ठाऊक असतील. ती जुन्या प्रती राखतात, वर एन्क्रिप्शनही करतात, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असं कुलूप फायलींना घालतात. फुकट आहेत आणि उत्तम आहेत. मात्र माझ्यामागे मुलीला ती चालवता येणार नाहीत, म्हणून मी त्यांच्या वाटेला गेले नाही.

व्हायरसचा प्रश्न याच अंगाने सुटतो. खंडणी मागणारे रॅन्समवेअर लॅपटॉपवरच्या फायलींना कुलूप घालतंच, शिवाय त्या क्षणी जोडलेल्या डिस्कवरच्या फायलींनाही घालतं. घरगुती वापरणाऱ्यांना गाठणारं स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाचं जे कुटुंब आहे, ते मुख्यतः क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून पसरलं. आपल्याकडे ‘भाऊ, ऑफिस पण टाकून द्या’ म्हटलं की दुकानदार पेन ड्राइव्हमधून काय टाकतो, ते कोणी विचारत नाही. तेव्हा बॅकअप झाला की डिस्क काढायची. कायम लावून ठेवलेली डिस्क सोयीची असते, पण कुलूप घालणाऱ्यालाही तितकीच सोयीची.

आता चोर, आणि चोराहून जास्त वेळा भेटणारा रिपेअरवाला. पूर्वी लॅपटॉप बंद पडला की तो हार्ड डिस्क काढायचा, दुसऱ्या मशीनला जोडायचा आणि ‘ताई, डेटा काढून दिला’ म्हणून पाचशे रुपये घ्यायचा. या सोयीत एक गोष्ट आपण कधी मनात आणली नाही: त्याला इतक्या सहज काढता येत होतं, म्हणजे कोणालाही येत होतं. नव्या लॅपटॉपांत ते दार बंद होत चाललंय. विंडोज ११च्या अलीकडच्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून मशीन सुरू केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, आणि ती उघडायची ४८ आकडी चावी, म्हणजे ‘रिकव्हरी की’, त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. मदरबोर्ड, म्हणजे लॅपटॉपचा मुख्य सर्किट बोर्ड, गेला तर डिस्क दुसरीकडे लावून उपयोग नाही. ती आधी ते ४८ आकडे मागते. दुकानात हा निळा पडदा बघून भांबावलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना वाटतं कोणीतरी हॅक केलं. त्यात एसएसडीवर, म्हणजे तबकड्या नसलेल्या नव्या डिस्कवर, डिलीट झालेलं परत मिळण्याची आशाही जुन्या डिस्कपेक्षा कमी, कारण मोकळी झालेली जागा ती स्वतःच पुसून ठेवते. लॅपटॉप जितका सुरक्षित होतोय तितकी बॅकअपची गरज वाढतेय. हे जाहिरातीत कोणी सांगत नाही.

साहजिकच बॅकअपची डिस्कही एन्क्रिप्टेड हवी. घरात नऊ कुलपं आणि अंगणात उघडी पेटी, असं नको. मॅकमध्ये टाइम मशीनची डिस्क निवडताना एक खूण करावी लागते, झालं. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर हे तिचं स्वतःचं कुलूप बाहेरच्या डिस्कलाही लावता येतं. होम आवृत्तीत तशी डिस्क उघडता येते, तयार करता येत नाही. तिथे व्हेराक्रिप्ट वापरावं. ते मोफत आहे, ट्रूक्रिप्ट हे तसंच जुनं सॉफ्टवेअर २०१४मध्ये अचानक बंद झालं तेव्हापासून त्याचाच वारसा चालवतंय. क्लाउडवर पॅन, पासबुक, मिळकतीची कागदपत्रं ठेवायची असतील तर क्रिप्टोमेटर नावाचं सॉफ्टवेअर फायली इथेच कुलूपबंद करून मग वर चढवतं, म्हणजे गूगललाही आत काय आहे ते कळत नाही.

सगळंच वर चढवायचा हट्ट मात्र नको. ३०० जीबीचे फोटो आणि व्हिडिओ २० एमबीपीएसच्या अपलोडने चढवायला गणिताने ३३ तास लागतात, आणि आमच्या गल्लीत गणिताप्रमाणे इंटरनेट चालत नाही. गूगलची फुकट जागा १५ जीबी, त्यात मेल आणि फोटोही आले. म्हणून मी निवड करते. सरकारने दिलेली बरीच कागदपत्रं डिजिलॉकरमधून पुन्हा मिळतात, सॉफ्टवेअर पुन्हा उतरवता येतं, पिक्चर तर कोणाकडेही असतो. जे माझ्याशिवाय जगात कोणाकडे नाही, म्हणजे माझी भाषांतरं, ग्राहकांचे हिशोब, आईच्या आवाजातली काही रेकॉर्डिंग, तेवढंच क्लाउडवर जातं. ते थोडक्या जागेत मावतं. बाकीचं दोन डिस्कांवर.

आता या सगळ्याची चावी. पासवर्डचा सल्ला सगळे देतात, पण तो इंग्रजी घरांतून आलेला असतो. डाइसवेअर नावाची १९९५ची एक चांगली युक्ती आहे: पाच फासे टाकायचे, येणाऱ्या आकड्यांवरून ७७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द घ्यायचा, असे सहा शब्द जमवायचे. शब्द नशिबाने पडतात, म्हणून कोणाला ओळखता येत नाहीत. आपल्याकडे लोक आरतीची पहिली ओळ ठेवतात आणि वाटतं, कोणाला कळणार! प्रत्येक मराठी घरात कळेल. मी फासे आमच्या सापशिडीच्या डब्यातले घेतले आणि यादीऐवजी जाडजूड मराठी शब्दकोश घेतला. पान आणि ओळ फाशांनी ठरवली. अडचण पुढेच आली. मराठी शब्द रोमनमध्ये लिहायचे तर ‘पाऊस’ला ए एक की दोन, ‘ज्ञ’ कसा लिहायचा? आज एक लिहू, वर्षाने दुसरं. देवनागरीतच पासवर्ड ठेवावा म्हटलं तर दुसऱ्याच्या मशीनवर आपला कीबोर्ड नसतो. म्हणून स्पेलिंगसकट कागदावर लिहून ठेवणं आलंच.

कागदावर पासवर्ड म्हटलं की हल्लीची मुलं डोळे वटारतात. वटारू देत. घरबसल्या माणसाच्या मागावर कोणी गुप्तहेर नसतो. आपला डेटा जाण्याची शक्यता हॅकरपेक्षा विसरण्याने आणि मरण्याने जास्त आहे, आणि एन्क्रिप्शनला विसरलेला मालक आणि आलेला चोर यांच्यातला फरक कळत नाही. फक्त डिस्क आणि कागद एका घरात नकोत. डिस्क इंदूरला आहे, म्हणून कागद पुण्याला नणंदेकडे, लॅमिनेट करून, पाकीट चिकटवून. "वहिनी, यात काय आहे ते मला सांगू नकोस, नाहीतर मी उघडीन," असं त्या म्हणाल्या. मी सांगितलं, उघडलंत तरी सहा निरर्थक शब्दच निघतील. दुसरा कागद इथे घराच्या कागदपत्रांच्या फायलीत, माळ्यावर. गूगलमध्येही एक सोय आहे: आपलं खातं ठरावीक महिने निष्क्रिय राहिलं तर कोणाला कळवायचं आणि काय द्यायचं ते आधी सांगून ठेवता येतं. मुलीचं नाव घातलंय. तिने विचारलं, "आई, हे आत्ताच का?" म्हटलं, नंतर मला जमणार नाही म्हणून.

राहिलं ते उघडून बघणं. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला, आणि त्यांनी नंतर स्वतःच जाहीर केलं की बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. शेवटी कोणीतरी कामासाठी काही तास आधी हाताने घेतलेली प्रत कामी आली. त्यांचा हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. म्हणून इंदूरला गेले की मी भाच्याच्या लॅपटॉपवर माझी डिस्क उघडायला लावते. माझ्या मशीनवर नाही, परक्या मशीनवर, कारण गरज पडेल तेव्हा माझं मशीन नसणारच आहे.

गेल्या वेळी सगळं उघडलं. फोटो, हिशोब, रेकॉर्डिंग. अडलं ते काकांच्या फोल्डरपाशी. काका दांडिया बाजारात डीटीपी, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर मजकुराची जुळणी, करायचे, आणि मराठी मंडळाच्या जुन्या स्मरणिका, निमंत्रणं, दोनचार दिवाळी अंक त्यांनी मला सांभाळायला दिलेत. भाच्याने एक फाइल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं असा नुसता सडा पडला. "मावशी, हे करप्ट झालंय." करप्ट काही नव्हतं, फाइल ठणठणीत होती. ती युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर अक्षरं सारखी दिसावीत म्हणून आलेल्या पद्धतीच्या, आधीच्या मराठी फॉन्टमध्ये होती. श्रीलिपी, आयएसएम यांच्या जमान्यात प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी असे, आणि तो फॉन्ट मशीनवर नसला की मजकूर असा दिसतो. मराठीत जुनं काम केलेल्या कोणाच्याही बॅकअपमध्ये फॉन्टचं फोल्डर हवंच, आणि जमेल त्या प्रत्येक फाइलची पीडीएफ हवी, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसवता येतो. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं ते हमखास बिघडवतात. मग सगळं वाचून काढायचं.

काही फायली तर फक्त त्यांच्या जुन्या मशीनवरच उघडतात, ज्याच्या मागे अजून सॉफ्टवेअरचं हार्डवेअर लॉक, म्हणजे ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही असं छोटं उपकरण, खोचलेलं आहे. इंदूरहूनच मी फोन लावला.

"काका, ते जुनं मशीन भंगारात देऊ नका हं. मला त्याच्यावरून पीडीएफ करायच्या आहेत."

"देतोय कुठे? रोज दुपारी पत्ते खेळतो मी त्याच्यावर. तू ये, पण चारनंतर ये."